मोजला कुणी? एका वाचक-कौलाचं प्रकरण

पहिली तक्रार पोस्टकार्डावर आली. ५० पैशांचं कार्ड, निळी शाई, मजकूर पत्त्याच्या रकान्यात घुसलेला. "तुम्ही कौल मागितला, आम्ही दिला. मोजला कुणी?" एवढंच. खाली सही आणि सोनपेठ तालुक्यातल्या एका गावाचं नाव. मी ते वाचलं आणि 'वाचकांची पत्रे' लिहिलेल्या फायलीत ठेवून दिलं. त्या आठवड्यात कामाचा ढीग होता, आणि पुरस्कार म्हटला की कुरकुर आलीच, असं माझं मत होतं.

मी तेव्हा परभणीहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात उपसंपादक होते. आठ पानं, दर शुक्रवारी. संपादक आणि मालक एकच, त्यांना सगळे भाऊ म्हणत. वर्धापनदिन १७ सप्टेंबरला, म्हणजे मुक्तिसंग्राम दिनाला. त्या दिवशीचा विशेषांक जाहिरातींवर निघायचा आणि त्या जाहिरातींवर पुढचे तीन महिने जायचे. भाऊंनी त्या वर्षी 'वाचक पसंती पुरस्कार' काढले ते याच हिशेबानं, आणि हे ते कुणापासून लपवतही नव्हते. "ज्याला पुरस्कार भेटतो तो पाव पान तरी देतो," ते म्हणायचे. फसलं तर? "बनी तो बनी, नाही तर परभणी."

सहा विभाग होते: शिक्षक, डॉक्टर, बचत गट, खानावळ, गणेश मंडळ आणि सार्वजनिक वाचनालय. लागोपाठ सहा अंकांत शेवटच्या पानावर कुपन छापलं. मूळ कुपनच चालणार, झेरॉक्स नाही. ते बसस्टँडवरच्या पेपर स्टॉलच्या पेटीत, आमच्या कार्यालयात किंवा टपालानं द्यायचं. शिवाय गूगल फॉर्म, एका मोबाइल नंबरला एक मत. मत देणाऱ्यांतून सोडत काढून पाच जणांना प्रेशर कुकर. कुकरचा खर्च शहरातल्या एका खासगी क्लासनं उचलला होता. नियम पाच होते. चौथा नियम मी लिहिला: 'कुपन मतदाराने स्वतःच्या हस्ताक्षरात भरावे.' एकाच माणसानं गठ्ठा भरून आणू नये, एवढाच हेतू होता. तो लिहायला मला अर्धा मिनिट लागला असेल.

निकाल विशेषांकात छापला. प्रत्येक विभागात विजेत्याचं नाव आणि फोटो. मतांचे आकडे छापले नाहीत. जागा नव्हती, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

पुढच्या दहा दिवसांत तक्रारी आल्या. बऱ्याच हरलेल्यांच्या होत्या आणि त्यांत वाचण्यासारखं फारसं नव्हतं. एका गणेश मंडळानं आपल्या देखाव्याचे अकरा फोटो पाठवले. एका डॉक्टरांच्या मेव्हण्यानं फोनवर माझा आवाज ऐकून "साहेबांना द्या" म्हटलं. खानावळीचा निकाल कुणालाच पटला नाही, पण जेवणाच्या बाबतीत परभणीत एकमत कधी झालंय? चार तक्रारी मात्र वेगळ्या होत्या.

एका बाईंचा फोन आला. त्यांनी फॉर्म भरला आणि तिसऱ्या दिवसापासून क्लासवाल्यांचे फोन सुरू झाले. मुलगा दहावीला आहे का, नीटची तयारी कुठं करणार. "मी मत दिलं का मुलाचं ॲडमिशन घेतलं?" त्या म्हणाल्या. दुसरी तक्रार एका वकिलांची, टाइप केलेली. सोडतीचा निकाल कुठं आहे, असं त्यांनी विचारलं होतं. बक्षीस योजना जाहीर करून तिचा अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांपासून राखून ठेवणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि योजना ज्या वर्तमानपत्रात जाहीर झाली त्यातच ठळकपणे निकाल छापला तर तो कळवला असं मानलं जातं, हे त्यांनी समजावून लिहिलं होतं. सोडत आम्ही विसरलो होतो. कुकर कार्यालयात माझ्या टेबलाखाली होते, मी त्यांवर पाय ठेवून बसायचे.

तिसरं पत्र शहरातल्या एका वाचनालयाच्या सभासदाचं. मोठी आणि छोटी वाचनालयं एका रांगेत कशी उभी केली? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखाली वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि राज्य शासन उत्कृष्ट ग्रंथालयाचा पुरस्कार देतं तोही वर्गवार, शहरी आणि ग्रामीण वेगळा. गावातलं 'ड' वर्गाचं वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीनं दिलेली एक खोली, दोन कपाटं आणि अनुदानाची वाट पाहणारा ग्रंथपाल. त्याला जिल्ह्याच्या ठिकाणच्या वाचनालयाशी झुंजायला लावणं म्हणजे नवशिक्या पोराला हिंदकेसरीपुढं उभं करणं. पत्रातला हा मुद्दा मला लगेच पटला. पण पत्र लिहिणारा जिंकलेल्या वाचनालयाचाच सभासद होता, म्हणून ते पत्र मी दोनदा वाचलं.

चौथी तक्रार म्हणजे ते पोस्टकार्ड.

पहिलं उत्तर आम्ही पुढच्याच अंकात दिलं. दुसऱ्या पानावर, चौकटीत, पाच ओळी: 'वाचकांचा कौल आम्हाला शिरोधार्य आहे. मतमोजणी पूर्ण पारदर्शकपणे करण्यात आली असून निकाल अंतिम आहे. यासंदर्भात पत्रव्यवहार केला जाणार नाही.' ही चौकट मीच लिहिली. आज वाचते तेव्हा शेवटचं वाक्य टोचतं. जो पेपर लोकांना सहा आठवडे 'आम्हाला लिहा' म्हणत होता, तो सातव्या आठवड्यात 'लिहू नका' म्हणाला. आणि 'पारदर्शकपणे' हा शब्द त्यात कसा आला, सांगता येत नाही. मोजणी मी, आमचा डीटीपीवाला मुलगा आणि भाऊंचा पुतण्या अशी तिघांनी एका रात्री केली होती, वडापाव खात, दार लावून.

चौकट छापल्यावर तक्रारी वाढल्या. आधी लोक विचारत होते, आता चिडून बोलायला लागले. बसस्टँडवरच्या स्टॉलवाल्या काकांनी अंक देताना भाऊंना सुनावलं, "लोक माझ्या पेटीत टाकून गेले, आता मलाच विचारायलेत. मी काय सांगू?" वकिलांचं दुसरं पत्र आलं, दोन ओळींचं. प्रेस कौन्सिलकडे जायचं तर आधी संपादकाला लिहून दाद मागावी लागते, ती मी मागितली आहे; साप्ताहिकासाठी मुदत छापल्यापासून दोन महिन्यांची आहे, ती मला ठाऊक आहे. भाऊ त्या दिवशी जेवायला घरी गेले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "सतरंजी अंथरा. परत मोजू."

यावेळी दार उघडं ठेवलं. स्टॉलवाले काका आणि ते वकील दोघांना बोलावलं. वकील आले आणि रात्री साडेअकरापर्यंत मांडी घालून बसले.

वाचनालयाच्या ढिगात बाजूला काढलेला एक गठ्ठा होता, रबर लावलेला, वर माझ्या अक्षरात 'बाद – नियम ४'. ३८ कुपनं, पोस्टकार्डवाल्या गावातल्या वाचनालयाला मत दिलेली. सगळी एकाच वळणदार अक्षरात भरलेली, शाळेत फळ्यावर असतं तसलं अक्षर. पहिल्या मोजणीच्या रात्री मी वरची तीन-चार पाहून गठ्ठा बाजूला टाकला होता. गठ्ठे भरणाऱ्यांना आळा घालायचा नियम होता आणि हा तर गठ्ठाच होता. आता वकिलांनी रबर काढलं, एक कुपन उलटं केलं आणि माझ्याकडं सरकवलं. मागच्या बाजूला अंगठा होता. जांभळ्या शाईचा, शिक्क्याच्या पॅडवर दाबून उठवलेला. दुसऱ्यावरही. ३८ कुपनांवर ३८ अंगठे. काही रुंद, काहींच्या रेषा कामानं इतक्या झिजलेल्या की नुसता डाग दिसावा. प्रत्येकाखाली त्याच वळणदार अक्षरात बाईचं नाव.

जिंकलेलं वाचनालय २१ मतांनी पुढं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गंगाखेडची एसटी धरली आणि पुढं काळीपिवळीनं त्या गावाला गेले. गंगेच्या काठचं गाव (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात). सोयाबीन काढणीचे दिवस, गावात म्हातारी माणसं आणि कुत्री सोडून कुणी नाही. पोस्टकार्डवरची सही ज्या माणसाची होती, तोच तिथल्या वाचनालयाचा ग्रंथपाल निघाला. निवृत्त प्राथमिक शिक्षक, गावात सगळे गुरुजी म्हणतात. बाया रानातून येईस्तोवर थांबा म्हणाले. तोवर त्यांनी मला कपाटं दाखवली, देवघेव रजिस्टर दाखवलं, आणि बोलताना एकदाही पुरस्काराचं नाव काढलं नाही.

दिवेलागणीनंतर बाया आल्या, नंतर जेवणं उरकून आणखी आल्या. गुरुजी रोज रात्री तासभर मोठ्यानं वाचतात. आधी पेपर, बाजारभाव, मग एखादं पुस्तक. बाया ओट्यावर बसून ऐकतात. मी विचारू नये ते विचारलं: वाचता येत नाही तर वाचनालयाला मत कसं दिलं? पुढं बसलेली एक म्हातारी माझ्याकडं पाहून म्हणाली, "आमी आयकताव की." बाकीच्या हसल्या. आमचा अंक गावात एकच यायचा, वाचनालयाचा. कुपनांसाठी बायांनी वर्गणी काढून अंक मागवले होते, एकीला एक. कुपन गुरुजींनी भरलं, अंगठा ज्याचा त्याचा. नियम चौथा गुरुजींनी वाचला नव्हता का? "वाचला की. म्हणून तर अंगठे घेतले. मला वाटलं, अंगठा म्हणजे हस्ताक्षरच."

परतीच्या एसटीत मला १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आठवत राहिली. लिहिता-वाचता न येणाऱ्यांनी मत कसं द्यायचं, हा प्रश्न तेव्हा देशापुढं होता. उत्तर म्हणून निवडणूक चिन्हं आली, उमेदवारागणिक चिन्ह लावलेल्या वेगळ्या पेट्या ठेवल्या गेल्या. आजही ज्याला दिसत नाही त्याला मतदानाला सोबती नेता येतो. आणि मी, पत्रकारितेची पदवी घेतलेली बाई, कुकरच्या सोडतीसाठी हस्ताक्षराची अट घालून मोकळी झाले होते.

ऑनलाइन मतांची गोष्ट याच्या उलटी. फॉर्मच्या नोंदी डीटीपीवाल्या मुलानं वेळेनुसार लावल्या. एका शनिवारी सकाळी ११ ते ११.४० या वेळात जिंकलेल्या वाचनालयाला ४३ मतं पडली होती. नावं पाहता पाहता तो म्हणाला, "ताई, हा तर हजेरीपट आहे." आडनावं ओळीनं अ पासून ह पर्यंत, आधी मुलं, मग मुली. कुकर देणाऱ्या क्लासच्या संगणक खोलीतून एकेकाला बसवून मत घेतलं होतं. क्लासचे मालक त्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर होते, हे आम्हाला माहीत होतं आणि विचारात घेण्यासारखं वाटलं नव्हतं. पण बाद काय ठरवून करणार? प्रत्येक मुलगा खरा, प्रत्येक नंबर वेगळा. एका नंबरला एक मत, नियम तंतोतंत पाळलेला. आमच्या चाळणीनं मनापासून दिलेली मतं बाहेर टाकली होती आणि सांगून घेतलेली आत ठेवली होती, आणि चाळणीला भोक कुठंच नव्हतं.

कार्यालयात दोन दिवस वाद चालला. पुतण्याचं म्हणणं, झालं ते झालं, ३८ मतं मिळवा, निकाल बदला. भाऊंना ते पटत नव्हतं: निकाल लागल्यावर आपण नियम बदलून विजेता बदलला, तर पुढच्या वेळी आपल्याला हवा तो विजेता काढता येईल, असं लोक म्हणतील. असा पेच आमच्याआधीही पडलेला आहे. १९५७ साली अमेरिकेत बेसबॉलच्या ऑल-स्टार सामन्यासाठी चाहत्यांनी खेळाडू निवडायचे होते. सिनसिनाटीच्या एका वर्तमानपत्रानं आपल्या शहराच्या खेळाडूंची नावं आधीच भरलेल्या मतपत्रिका छापल्या आणि नॅशनल लीगच्या संघात त्या एकाच शहराचे सात जण बसले. आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी दोघांना काढून विली मेज आणि हँक आरन यांना घेतलं, वर चाहत्यांचा निवडीचा हक्कच बंद केला. तो परत मिळायला १९७० उजाडलं. उलट २००९ मध्ये 'टाइम'च्या प्रभावशाली व्यक्तींच्या ऑनलाइन कौलात मूट या टोपणनावाचा एक तरुण १ कोटी ६७ लाखांहून जास्त मतं घेऊन पहिला आला. पहिल्या २१ नावांची आद्याक्षरं ओळीनं वाचली की टवाळखोरांनी रचलेलं वाक्य तयार होत होतं. 'टाइम'नं तो निकाल तसाच जाहीर केला.

वकील म्हणाले, तिसरा रस्ता आधीच बांधून ठेवावा लागतो. २०१२ मध्ये 'आउटलुक' आणि दोन वाहिन्यांनी गांधीजींनंतरचा सर्वश्रेष्ठ भारतीय निवडला, तेव्हा तज्ज्ञांची पसंती, लोकांची मतं आणि बाजार-सर्वेक्षण अशा तीन चाळण्या ठेवल्या होत्या. बाबासाहेब पहिले आले. नुसता फोनचा आकडा मोजला नव्हता. आम्ही दुसरी चाळणी ठेवलीच नव्हती, ती आता कुठून आणणार?

शेवटी भाऊंनी ठरवलं, विजेता बदलायचा नाही आणि ठेवायचाही नाही. वाचनालय विभागाचा निकाल मागे घ्यायचा आणि काय काय झालं ते सगळं छापायचं.

दुसरं उत्तर पाऊण पान झालं, पहिल्या पानावरून सुरू होऊन तिसऱ्यावर संपलेलं. यावेळी पहिला खर्डा भाऊंनी हातानं लिहिला. त्यातला एक तुकडा: 'वाचनालय विभागात आलेली ३८ कुपने आम्ही बाद केली. नियम आमचाच होता. तो चुकीचा होता. ज्यांना लिहिता येत नाही अशा वाचकांचा आम्ही विचार केला नव्हता. असे वाचक आम्हाला आहेत, हे आम्हाला आता कळले.' त्याखाली सहाही विभागांचे आकडे, किती कुपनं, किती ऑनलाइन, किती बाद आणि कशामुळे. मोजणी कुणी केली त्या तिघांची नावं, माझं पहिलं. कुकरची सोडत पुढच्या रविवारी बसस्टँडवर, येणाऱ्या कुणीही पाहावी. मागच्या चौकटीतलं 'पत्रव्यवहार केला जाणार नाही' हे वाक्य मागे घेत आहोत.

या उत्तरातल्या दोन गोष्टींवर माझं आणि भाऊंचं पटलं नाही, अजूनही पटत नाही. फोन नंबरांचा खुलासा अगदी शेवटी गेला. पुतण्यानं फॉर्मची अख्खी यादी 'कुकर कुणाला द्यायचे ते बघायला' म्हणून क्लासला पाठवली होती, तिथून फोन सुरू झाले. एका कामासाठी घेतलेली माहिती विचारल्याशिवाय दुसऱ्या कामाला वापरायची नाही, २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा याच तत्त्वावर उभा आहे. पण कायदा राहू द्या, त्या बाईंनी आम्हाला नंबर दिला होता, क्लासला नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणात नुकसान झालं ते या लोकांचं, आणि त्यांचा खुलासा पहिला यायला हवा होता. वाचनालयाचा मान गेला तर परत देता येतो, वाटलेला नंबर परत घेता येत नाही. भाऊंचं म्हणणं, लोक वाचनालयाचं वाचायला येणार, ते आधी द्या. दुसरी गोष्ट, क्लासचं नाव त्यांनी छापलं नाही. 'प्रायोजक' एवढंच. गावात सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे नाव न छापून फक्त आम्ही घाबरलेले दिसलो.

क्लासनं दिवाळी अंकाची जाहिरात काढून घेतली. ते पान रिकामं राहू नये म्हणून मी त्यात हुरड्यावर लेख लिहिला, हंगामाच्या दीड महिना आधी. शहरातल्या वाचनालयानं सन्मानचिन्ह परत केलं नाही, आम्ही मागितलंही नाही. त्यांच्या सभासदानं मात्र वर्गवारीबद्दल आणखी एक पत्र पाठवलं, पहिल्याहून लांब. वकिलांनी प्रेस कौन्सिलकडे काही पाठवलं नाही. ज्या बाईंना फोन येत होते, त्यांना मी स्वतः फोन केला. फोन अजून येतात, त्या म्हणाल्या, आता दुसऱ्या क्लासचेही येतात. पुढच्या वर्षी पुरस्कार झाले नाहीत.

दिवाळीच्या आधी गुरुजी कार्यालयात आले. पिशवीत तुरीच्या शेंगा होत्या, माझ्यासाठी. मला वाटलं, आभार मानायला आले असतील किंवा भांडायला. त्यांना कुपनं हवी होती. "रद्दीत जातील. बायांचे अंगठे आहेत त्याच्यावर. कुणाच्या हातात पडले तर?" म्हणाले. मी कपाटातून गठ्ठा काढला, आवक-जावक रजिस्टरात नोंद केली आणि सहीसाठी पुढं केलं. गुरुजींनी सही केली नाही. खुर्ची ओढली, रबर काढलं, अंगठ्याला थुंकी लावून एकेक कुपन उलटत मोजायला लागले. झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजली.

"सदतीस," ते म्हणाले.

मी फायली पाहिल्या, टेबलाचे खण पाहिले. मग डीटीपीवाल्या मुलाला हाक मारली, आणि आम्ही दोघांनी मिळून ती मोजणीची सतरंजी उलटी केली.